युद्धात पडलेली शाळा पुन्हा उभी करायला नुकसानीच्या तिप्पट पैसा कसा लागतो?

तापीकाठची शिक्षिका (चोपडा तालुका)

आमच्या गावच्या वाचक मंडळात दर महिन्याला एक टिपण वाचले जाते आणि या वेळी युद्धानंतरच्या सार्वजनिक इमारतींच्या पुनर्बांधणीचा खर्च हा विषय माझ्या वाट्याला आला आहे. लिहायला बसले आणि पहिल्याच आकड्यापाशी अडले. युक्रेनचे सरकार, जागतिक बँक, युरोपीय आयोग आणि संयुक्त राष्ट्रे यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये जो एकत्रित अंदाज प्रसिद्ध केला, त्यात डिसेंबर २०२४ अखेरपर्यंतचे प्रत्यक्ष नुकसान सुमारे १७६ अब्ज डॉलर दाखवले आहे आणि पुढील दहा वर्षांतील पुनर्बांधणीची गरज मात्र ५२४ अब्ज डॉलर. त्याच महिन्यात गाझाचा अंदाज आला, त्यात नुकसान सुमारे ३० अब्ज आणि गरज ५३ अब्ज. सीरियाबद्दल जागतिक बँकेने ऑक्टोबर २०२५ मध्ये १०८ अब्जांच्या नुकसानीपुढे २१६ अब्जांचा खर्च मांडला. म्हणजे एके ठिकाणी तिप्पट, एके ठिकाणी पावणेदोनपट, एके ठिकाणी दुप्पट.

हे आकडे मंडळात सहज बोलून गेले, तेव्हा आमच्यातले एक आप्पा लगेच म्हणाले, "मंग बाकीना पैसा कथा ग्यात?" (मग बाकीचे पैसे कुठे गेले?) सगळे हसले, पण मला उत्तर देता आले नाही.

माझा स्वतःचा अनुभव एवढाच, की दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या दोन जुन्या खोल्यांचे निर्लेखन झाले, म्हणजे त्या सरकारी नोंदीतून बाद केल्या गेल्या. दगड-मातीच्या भिंती, सागवानी वासे, वर मंगलोरी कौले. कागदोपत्री त्या खोल्यांची किंमत काही हजारांत होती आणि त्यांच्या जागी प्रस्तावित झालेल्या खोल्यांचे अंदाजपत्रक लाखांत होते. तेव्हा कोणालाच त्यात वावगे वाटले नाही. युद्धाच्या हिशेबातही हेच घडते का, की तिथे आणखी काही मिळवलेले असते? शाळा, दवाखाना, वाचनालय, कचेरी अशा इमारतींपुरते कोणी समजावून सांगितले तर उपकार होतील. आणि शेवटी हा पैसा देतो कोण, तेही.

निवृत्त उपअभियंता, धुळे

ताई, तुमच्या दोन खोल्यांचे उदाहरण चांगले आहे, पण त्यात एक फरक आधी लक्षात घ्यावा लागेल. निर्लेखनाच्या कागदावर जी किंमत येते ती घसारा वजा जाता उरलेली किंमत असते, म्हणजे साठ वर्षे वापरून झालेल्या खोलीचे आज काय मोल आहे, एवढेच ती सांगते. युद्धाच्या अंदाजात 'नुकसान' म्हणतात ते तसे नसते. जी इमारत पडली ती होती तशीच, तेवढीच, पुन्हा बांधायची झाली तर युद्धापूर्वीच्या दराने किती खर्च आला असता, तो आकडा तिथे धरतात. आपल्या भाषेत सांगायचे तर मोजमाप पडलेल्या इमारतीचे आणि दरसूची युद्धाआधीच्या वर्षाची.

आता कोणत्याही अभियंत्याला विचारा की जुन्या दरसूचीवर निविदा काढली तर ठेकेदार येईल का. येणार नाही. त्यामुळे 'गरज' काढताना पहिली भर पडते ती भाववाढीची. आणि ही भाववाढ नेहमीसारखी नसते, कारण सगळ्या देशाला एकाच वेळी सिमेंट, काच, सळई आणि गवंडी हवे असतात. गवंडी तर सैन्यात गेलेला असतो किंवा देश सोडून गेलेला असतो.

दुसरी भर दर्जाची. युक्रेनमध्ये खारकिव्हसारख्या शहरात मुलांसाठी जमिनीखाली शाळा बांधाव्या लागल्या आहेत. पूर्वीच्या शाळेत तळघरातला निवारा नव्हता, आता तो हवा, आणि काळ्या मातीत साधा जोता उचलायचा तरी मुरूम लागेपर्यंत खोदताना काय खर्च येतो हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. इथे तर अख्खा मजला जमिनीखाली न्यायचा आहे. शिवाय अपंग मुलांसाठी पायऱ्यांऐवजी उतार, थंडी अडवणाऱ्या भिंती आणि खिडक्या. या गोष्टी जुन्या इमारतीत नव्हत्या म्हणून त्या 'नुकसानीत' येत नाहीत, 'गरजेत' येतात.

तिसरी भर अशा कामांची, ज्यांना इमारत म्हणताच येणार नाही. राडारोडा उचलणे, सुरुंग आणि न फुटलेले बॉम्ब काढणे, तात्पुरत्या वर्गखोल्या, शिक्षकांचे पगार थकू न देणे. युक्रेनच्या अंदाजात राडारोडा उपसून त्याची विल्हेवाट लावणे आणि पाडकाम एवढ्यालाच सुमारे १३ अब्ज डॉलर धरले आहेत.

याखेरीज 'तोटा' नावाचा तिसरा रकाना आहे आणि वर्तमानपत्रे तो हमखास नुकसानीत मिसळून टाकतात. दवाखाना पडला हे नुकसान. तो बंद असताना रुग्णाला दूरच्या गावी न्यावे लागले, तपासणी शुल्क बुडाले, तात्पुरता तंबू भाड्याने घ्यावा लागला, हा तोटा. युक्रेनमध्ये हा रकाना सुमारे ५८९ अब्जांचा आहे, म्हणजे गरजेपेक्षाही मोठा, आणि तो सगळा कोणी भरून देणार नसतो. गाझाच्या अंदाजात तो १९ अब्जांच्या आसपास आहे. म्हणून टिपणात आकडा देताना तो कोणत्या रकान्यातला आहे ते आधी लिहा. अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

पट का बदलते, याचे उत्तर यातच आहे. तो काही ठरलेला गुणाकार नव्हे. सीरियाचा २१६ अब्जांचा आकडा केवळ भौतिक बांधकामाचा आहे आणि तो देतानाच १४० ते ३४५ अब्ज असा पल्ला सांगितलेला आहे, कारण दर काय धरावेत आणि बांधकाम कोणत्या दर्जाचे धरावे यावर तो हलतो. जो अंदाज एकच आकडा देऊन थांबतो, त्याच्यापेक्षा पल्ला सांगणारा मला अधिक प्रामाणिक वाटतो.

ही रकान्यांची पद्धत मुळात युद्धासाठी बसवलेली नाही. १९७० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या लॅटिन अमेरिकेसाठीच्या आर्थिक आयोगाने ती भूकंप आणि वादळांसाठी तयार केली. भूकंप एकदाच होतो आणि मग मोजणारा जागेवर जातो. युद्धात मोजणी चालू असतानाच इमारती पडत असतात, जागेवर जाता येत नाही, उपग्रहाच्या छायाचित्रांवरून छप्पर गेले की नाही ते पाहावे लागते. छप्पर शाबूत दिसते आणि आतले खांब तडकलेले असतात. चाळीस वर्षे मोजमाप पुस्तिका भरलेला माणूस म्हणून सांगतो, वरून दिसणाऱ्या छपरावर मी कोणाचे देयक मंजूर केले नसते. पण तिथे दुसरा मार्गही नसतो.

डंपरवाला, भुसावळ

अभियंतासाहेबांनी राडारोड्याचा उल्लेख एका ओळीत उरकला. आमच्या धंद्यात सगळे तिथेच अडते, म्हणून थोडे लिहितो.

गाझामध्ये पाच कोटी टनांहून अधिक ढिगारा साचला असल्याचे संयुक्त राष्ट्रांनी २०२५ च्या सुरुवातीला सांगितले होते आणि तो उपसायला २१ वर्षे आणि १२० कोटी डॉलरपर्यंत खर्च लागू शकेल असेही म्हटले होते. वाचून मी आपला हिशेब मांडला. एका फेरीत दहा टन धरले तर पन्नास लाख फेऱ्या होतात. रोज पाचशे फेऱ्या, एकही दिवस सुट्टी न घेता, म्हणजे दहा हजार दिवस. सत्तावीस वर्षे झाली. तेव्हा एकवीस वर्षे हा आकडा कोणी हवेतून काढलेला नाही.

आणि फेरी म्हणजे नुसते भरणे-ओतणे नव्हे. भाव ठरतो लीडवर, म्हणजे माल किती लांब नेऊन टाकायचा यावर. लहान आणि दाट वस्तीच्या प्रदेशात टाकायला जागाच नसेल तर एकच माल दोनदा उचलावा लागतो. आपल्याकडे जुने घर पाडले की सळई सरळ करून भंगारात जाते, विटा निवडून बाजूला लागतात, वासे विकले जातात आणि पाडण्याचा खर्च कधी कधी त्यातूनच सुटतो. युद्धातल्या ढिगाऱ्यात तसे हात घालता येत नाहीत. त्यात न फुटलेला बॉम्ब असू शकतो, आपण ज्यांना सरसकट सिमेंटचे पत्रे म्हणतो त्यांतला ॲस्बेस्टॉस भुगा होऊन मिसळलेला असतो, आणि माणसांचे देह असतात. जेसीबीचा बकेट घालण्याआधी माणसाने उतरून पाहावे लागते. त्या कामाला दरसूचीत दर नाही.

जर्मनीत दुसऱ्या महायुद्धानंतर बर्लिनमधला राडारोडा एका जागी टाकत गेले आणि त्याची टेकडी झाली, ती आजही आहे. टॉयफेल्सबर्ग तिचे नाव. जागा असेल तर तोही उपाय आहे.

ग्रंथपाल, शहादा

मला बांधकामातले कळत नाही, पण वाचनालयांविषयी काही सांगता येईल, कारण माझ्या मते सार्वजनिक इमारतीच्या खर्चातला सर्वांत फसवा भाग तिथेच दिसतो.

सारायेव्होची विएच्नित्सा ही इमारत, जिच्यात बोस्नियाचे राष्ट्रीय ग्रंथालय होते, ऑगस्ट १९९२ मध्ये तोफगोळ्यांच्या आगीत जळाली. ती पुन्हा उघडली ९ मे २०१४ रोजी. युद्ध १९९५ मध्ये संपले होते, म्हणजे त्यानंतरही जवळजवळ एकोणीस वर्षे गेली, कारण पैसा एकदम आला नाही. ऑस्ट्रिया, युरोपीय संघ असे देणारे जसे मिळत गेले तसे काम टप्प्याटप्प्याने झाले. आज रंगीत काचांचे छत आणि नक्षीदार कमानी पूर्वीसारख्या आहेत. जळालेली लाखो पुस्तके आणि हस्तलिखिते मात्र आली नाहीत आणि येणारही नाहीत. आता कोणी तिथला खर्च विचारला तर दगड-काचेचा आकडा सांगता येतो. पुस्तकांच्या रकान्यात काय लिहायचे?

श्रीलंकेतील जाफनाचे सार्वजनिक वाचनालय १९८१ मध्ये जाळण्यात आले. सुमारे ९७ हजार पुस्तके आणि ताडपत्रावरील पोथ्या गेल्या. नवी पांढरी इमारत उभी राहिली आणि २००३ मध्ये ती वाचकांसाठी खुली झाली. तेव्हाही प्रश्न हाच होता. छापील पुस्तक दुसरीकडून मिळते, ताडपत्राची दुसरी प्रत नसते.

आमच्या वाचनालयात एका पावसाळ्यात छत गळून कपाटातल्या तळच्या फळीवरचे जुने वर्तमानपत्रांचे गठ्ठे भिजले होते. आम्ही ते पंख्याखाली पान-पान सुटे करून वाळवले. जे चिकटले ते गेले. छताच्या दुरुस्तीचे देयक आठ दिवसांत सादर झाले, पण गेलेल्या गठ्ठ्यांची नोंद करायला नोंदवहीत रकानाच नव्हता, शेवटी 'बाद' असा शेरा मारला. ताई, तुमच्या टिपणात इमारतीच्या आत काय होते याला एक परिच्छेद द्या, एवढे सुचवते. दवाखान्याच्या बाबतीतही तेच; भिंतींपेक्षा आतली यंत्रे महाग.

केळीबागवाला, रावेर

सर्वांचे म्हणणे वाचले. तरी 'पूर्वीपेक्षा चांगले बांधू' या नावाखाली आकडा फुगवला जातो, हे माझे मत कायम आहे. मागणाऱ्याला जास्त मागायचे असते आणि मोजणाऱ्या संस्थेलाही पुढे त्याच कामात वाटा असतो. आमच्या केळीचे वादळात नुकसान झाले तर पंचनाम्यात 'पूर्वीपेक्षा चांगली बाग' कोणी लिहून देत नाही.

निवृत्त उपअभियंता, धुळे

नाना, संशय अगदीच चुकीचा नाही; गरज ठरवणारा आणि खर्च करणारा एकच असेल तर आकडा वर सरकतो, हे मी नोकरीत पाहिले आहे. पण ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारी आठवा. तिथे माणसे मेली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यावरचे मातीचे जड छत अंगावर पडून. त्यानंतर ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली, ती भूकंप सोसणाऱ्या घरांची. 'होते तसेच' बांधून द्यायचे म्हटले असते तर तीच दगड-मातीची भिंत पुन्हा उभी करावी लागली असती. शिवाय या अंदाजांत आधीच भागवून झालेल्या गरजा वजा केलेल्या असतात, म्हणजे निदान एकच काम दोनदा मोजले जाऊ नये याची काळजी घेतलेली असते. बाकी नव्या गावांची रुंद, आखीव मांडणी लोकांना रुचली नाही, हा किल्लारीचा दुसरा धडा; पण तो वेगळा विषय आहे.

लेखापरीक्षक, जळगाव

पैसा कोण देतो, हा ताईंचा शेवटचा प्रश्न सगळ्यांनी सोडून दिला, म्हणून तेवढेच लिहितो.

विमा कंपनी देत नाही. आपल्याकडच्या साध्या अग्निविम्याच्या कागदात युद्ध, आक्रमण, यादवी हे धोके वगळलेले असतात. आणि सरकार आपल्या इमारतींचा विमा सहसा उतरवतच नाही, नुकसान झाले तर तिजोरीतून भरते. युद्धाचा धोका खाजगी विम्याला पेलवत नाही हे आपल्या संसदेलाही ठाऊक होते, म्हणून १९६२ मध्ये आणि पुन्हा १९७१ मध्ये कारखाने आणि मालासाठी आपत्कालीन जोखीम विम्याचे वेगळे कायदे करून तो धोका सरकारने स्वतःकडे घेतला होता.

ब्रिटनने १९४१ मध्ये युद्धनुकसानीचा कायदा करून स्थावर मालमत्ताधारकांकडून सक्तीने वर्गणी घेतली आणि नुकसानभरपाईचा आयोग नेमला. त्यात ताईंचा मूळ प्रश्न जणू कलमांतच लिहिला होता. दुरुस्त होण्याजोग्या इमारतीला प्रत्यक्ष कामाचा खर्च मिळे, आणि पूर्ण नष्ट झालेल्या इमारतीला मार्च १९३९ च्या भावाने पडलेली किंमत. ज्याची भिंत तडकली त्याला आजचा दर, ज्याचे घरच गेले त्याला जुना दर. तक्रारी होणारच होत्या. त्यांच्या संसदेचे कॉमन्स सभागृह मे १९४१ मध्ये बॉम्बने पडले आणि ऑक्टोबर १९५० मध्ये नवे उघडले, तेव्हा सभापतींचे आसन ऑस्ट्रेलियाने, टेबल कॅनडाने आणि प्रवेशाचे दरवाजे भारत व पाकिस्तानने भेट दिले. आपण नुकतेच स्वतंत्र झालेलो, फाळणीचे निर्वासित छावण्यांत, आणि लंडनला दरवाजा पाठवतो आहोत. लेखापरीक्षक म्हणून मी त्यावर आक्षेप काढला असता, नागरिक म्हणून मला ते आवडते.

हल्लीचा मार्ग देणगीदारांच्या परिषदेचा. इराकने फेब्रुवारी २०१८ मध्ये कुवेतच्या परिषदेत सुमारे ८८ अब्ज डॉलरची गरज मांडली आणि हाती आश्वासने आली सुमारे ३० अब्जांची, त्यांतलाही मोठा भाग कर्ज आणि पतहमीचा. म्हणजे 'दिले' या शब्दाखाली 'परत करावे लागेल' असे वाचायचे. याउलट ड्रेसडेनचे फ्राउएनकिर्श हे चर्च १९९४ ते २००५ या काळात सुमारे १८ कोटी युरोंत पुन्हा उभे राहिले आणि त्यातला अर्ध्याहून अधिक पैसा लोकांच्या देणग्यांतून आला. पण असा पैसा प्रसिद्ध इमारतीसाठी गोळा होतो. तालुक्याच्या दवाखान्यासाठी परदेशातला माणूस वर्गणी देत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. बांधकामाचा खर्च एकदाच होतो, पण इमारत चालवण्याचा खर्च दरवर्षी होतो, आणि देणारे बहुधा पहिल्यालाच पैसे देतात कारण त्याची फीत कापता येते. भारताने काबूलमध्ये अफगाण संसदेची इमारत बांधून दिली. देखरेख आपल्या केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाची, पायाभरणी २००५ ची, उद्घाटन डिसेंबर २०१५ मध्ये, खर्च सुमारे नऊ कोटी डॉलर. इमारत उत्तम आहे. ऑगस्ट २०२१ नंतर तिथे लोकनियुक्त संसद बसलेली नाही. अमेरिकेच्या पुनर्बांधणी तपासनिसांनी अफगाणिस्तानातल्याच हेल्मंद प्रांतातल्या ६४ हजार चौरस फुटांच्या एका लष्करी मुख्यालयाचा अहवाल दिला होता. सुमारे ३६ दशलक्ष डॉलर खर्चून ते उभे राहिले आणि एक दिवसही वापरले गेले नाही. माझ्या टेबलावर असे काम आले असते तर मोजमाप बरोबर, देयक बरोबर, निविदा बरोबर, असाच शेरा मला द्यावा लागला असता. आमच्या तपासणीत वापराचा रकाना फार उशिरा येतो.

म्हणून पुनर्बांधणीच्या आकड्यात शिक्षकांचा आणि परिचारिकांचा पगार धरला आहे का, ते मी आधी पाहतो. युक्रेनच्या अंदाजात सेवा पुन्हा सुरू करण्याचा खर्च धरलेला आहे. नानांना जी फुगवट वाटते तिच्यातला बराच भाग हा आहे, आणि तोच कापला जाण्याचा धोका सर्वांत जास्त.

तापीकाठची शिक्षिका (चोपडा तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. टिपणाची मांडणी आता अशी करते, की आधी नुकसान, तोटा आणि गरज हे तीन रकाने फळ्यावर आखायचे आणि मग आमच्या शाळेच्या दोन खोल्या त्यांत भरून दाखवायच्या. लेखापरीक्षक साहेबांच्या पगाराच्या मुद्द्यावर मी थबकले, कारण आमची एक खोली तयार झाली तेव्हा वर्ग होता, शिक्षकाची जागा मात्र रिकामी होती, आणि पहिले काही महिने त्या खोलीत शालेय पोषण आहाराचे तांदूळ ठेवले होते.

भुसावळच्या दादांना एक शंका. तुम्ही फेरीला दहा टन धरले आहेत. आमच्याकडे मंडळातले सगळे शेतकरी, त्यांना डंपरपेक्षा ट्रॅक्टरची ट्रॉली लवकर समजेल. ट्रॉलीचा हिशेब काय धरू?

डंपरवाला, भुसावळ

ताई, ट्रॉलीला तीन टन धरा. जास्त भरतात, पण तुम्ही तीनच धरा. पाच कोटी टनांना एक कोटी सहासष्ट लाखांच्या वर फेऱ्या होतील. आणि तुमच्या त्या दोन जुन्या खोल्यांची माती अजून शाळेच्या आवारातच पडली असेल, तर पावसाळ्याआधी कळवा. अंदाजपत्रकात तिच्या लीडची बाब धरलेली नसणार, बहुतेक ठिकाणी नसते.